बेचाळीस नंबरची चिठ्ठी

हिंगणी, दि. ४ फेब्रुवारी २००४

तीर्थरूप रूपरावदादा यांस, तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा श्रावण याचा हिंगणीहून दंडवत. मारुतीरायाच्या कृपेने इकडे सर्व ठीक आहे (ठीक नाही, पण पत्राची सुरुवात रडून करू नये असे आमचे गुरुजी सांगत). वहिनींचे गुडघे कसे आहेत? समुद्रपूरकडे कापसाची शेवटची वेचणी आटोपली असेल. आमची वांगी यंदा चांगली धरली. त्यांचे काय झाले ते पुढे येईलच.

पत्रास कारण, तुमची बहीण कुंता. ती माझे ऐकत नाही. तुमचे ऐकते.

पोळ्याच्या सुमारास आमच्या शेजारच्या सुलोचनाबाई गेल्या, ते तुम्हाला ठाऊक आहे. तीन दिवस जबडा दुखतो, पाठ भरून येते म्हणत होत्या. सगळ्यांनी गॅस ठरवला आणि ओवा दिला. (सगळ्यांत मीही होतो. ओवा आमच्याच घरचा होता.) चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता गेल्या. तेव्हापासून कुंताने मनावर घेतले, की गावातल्या बायांची हृदये तपासून घ्यायचीच. वर्ध्याच्या मंजुषा डॉक्टरीणबाईंना तिने गाठले. त्या यायला तयार झाल्या, पण हृदयाची पट्टी काढायच्या मशीनचे भाडे, गाडी आणि औषधे गावाने उभी करायची होती.

आता माझे दुःख ऐका. आमचे भजन मंडळ देवळाच्या ओसरीवर टिनपत्रे टाकायला तीन वर्षांपासून वर्गणी मागत आहे. तीन वर्षांत चार पत्रे जमले, त्यातला एक उडून गेला. आणि कुंता नि तिच्या बायांनी काय केले? घरोघरी सूप घेऊन फिरल्या आणि मूठमूठ तुरीची डाळ मागितली. ज्या घरातून मला ‘पुढच्या महिन्यात पाहू’ असे उत्तर मिळे, त्याच घरातून ओंजळ भरून डाळ! ती विकून तीन आठवड्यांत खर्चाची सोय झाली. माझ्या वांग्यांचा पहिला तोडाही त्यातच गेला, मला न विचारता. वर दारोदारी गाणे म्हणत, त्याला चाल आमच्या गुरुवारच्या भजनाची आणि शब्द छातीच्या दुखण्याचे! अठरा वर्षे मी पेटी वाजवतो, पण माझ्या भजनाला कधी इतकी माणसे बसली नाहीत. देवा, मत्सर वाईट, हे मला कळते. रोज संध्याकाळी मारुतीसमोर कबूल करतो. पण कबूल करून घरी आलो, की दारात पुन्हा बायांच्या चपलांचा ढीग असतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने वाण म्हणून वाटी-डबी दिली नाही. तपासणीच्या नंबराची चिठ्ठी दिली. वाण कोणी नाकारत नाही, तेव्हा एकेचाळीस बाया आपोआप अडकल्या. (ही अक्कल माझ्या मंडळात एकालाही सुचली नाही.) स्वतःचा नंबर तिने बेचाळिसावा घेतला. जेवायला शेवटी बसते तशीच.

शिबिराच्या दिवशी शाळेत मला काम मिळाले चपला सांभाळायचे. किराणावाल्या हेमराजने दोन पोती मुरमुऱ्यांचा चिवडा दिला, तर त्याला शाल, नारळ, टाळ्या. मी वांगी दिली, ताडपत्री दिली, बायको दिली. माझे नावसुद्धा कोणी घेतले नाही. कुंता माईकवर उभी राहून म्हणाली, “माणसाचा झटका बोंबलत येते. बाईचा झटका गपचूप येते, तिचे कामं आटपायची वाट पाह्यते. म्हून दम लागला, जबडा दुखला, तं ओवा नका खाऊ, दवाखान्यात जा!” सारी शाळा हसली आणि मग एकदम गप्प झाली. असे हसवून गप्प करणे मला आयुष्यात जमले नाही. त्या जळफळाटात मी हेमराजचा चिवडा चार वेळा घेतला.

आणि खरोखर माझ्या छातीत कळ आली.

एकेचाळीस बाया तपासून झाल्या होत्या. कुंताने आपली चिठ्ठी माझ्या खिशात कोंबली आणि म्हणाली, “तुमी जा पयले.” मी टेबलावर आडवा झालो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या हलू नका, पण माझे ओठ रामनाम घेत होते आणि अंग थरथरत होते. सगळी पट्टी वेडीवाकडी निघाली. दुसऱ्यांदा काढली, तीही तशीच. तिसऱ्यांदा नीट निघाली आणि मशीनचा कागद संपला. माझे हृदय बैलासारखे ठणठणीत निघाले. बाईंनी विचारले, “काका, काय खाल्लं?” मागून हेमराज ओरडला, “माहा चिवडा!”

असा मी गावाच्या हसण्याचा विषय झालो आहे. बायांच्या शिबिरात एकच पुरुष तपासला गेला, तोही बायकोच्या नंबरावर. तेव्हा तुम्ही येऊन तिला चार शब्द सांगावे, म्हणजे घरात मला काही किंमत राहील. वडील मंडळींस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला,
श्रावण

ता. क. दादा, वर लिहिलेले किमतीचे वगैरे सोडा. दिवाळीपासून कुंता कालव्याचा चढ चढताना मध्येच टोपले उतरवून बसते. विचारले तर म्हणते, “पाय भरून आले.” पाय भरून आलेली बाई छातीला हात लावत नाही. तिची पाळी माझ्या मत्सराने खाल्ली. येत्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी तिला वर्ध्याला बोलावले आहे, पण ती म्हणते वांगी तोडायची आहेत. तुम्ही सोमवारच्या एस.टी.ने या आणि तिला घेऊन जा. मी लिहिले हे सांगू नका.

ता. क. दुसरा (अक्षर येगळं आहे, समजून घेजो). दादा, यायनं पाकीट चिकटवाले मलेच देल्लं. सारं वाचलं. बेचाळीस नंबर मी जेवनासारखा नाई घेतला. भेवानं घेतला. एकेचाळीस बायांले धीर देल्ला, माही पाळी आली तं मलेच धीर नाई उरला. यायले कळ आली तवा मले सुटल्यावानी झालं, त्याची लाज वाटते. मंगळवारी मी जातोच. तरी तू येजो, एकटीले भेव लागते. मी वाचलं हे यायले आताच सांगू नको. वांगे यायलेच तोडू दे.
— कुंता