देवीचा डावा कौल

खेड, बुधवार

चि. केरू, तुला आणि गोदाला दादाचे आशीर्वाद.

लेकीकडे माझं बरं चाललंय, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

सोमवारी आपलं देऊळ पाडणार, असं कळलं. आजोबांनी चिरे रचले, बाबांनी छप्पर चढवलं, दोन्ही वेळा देवीला विचारून. या वेळी तू नव्हतास म्हणून सांगतो. नवं बांधायला देऊळ पाडू का, असं विचारल्यावर देवीने डावा कौल दिला, म्हणजे सरळ नकार. "तात्या, स्लॅबच्या देवळात पंखा फिरेल हो!" म्हणत सगळे मला हसले, आणि मी मानकरी असून पुन्हा कौल लावायला हो म्हटलं. मग उजवा पडला.

आता फोन केला तरी कोणी माझं ऐकून घेत नाही. पाडण्याआधी तू नारळ ठेवून गाऱ्हाणं घाल, की चूक एकट्या माझ्या दादाची, हरिश्चंद्राची आहे, देवी, तू गावातल्या पोराबाळांवर राग धरू नकोस.

तुझा दादा