नवमीला चाललेलं टेबल

बाबा, आई आहे अजून. आधी तेच सांगते, कारण कामावरून आल्यावर चपला काढायच्या आतच तुम्ही विचारायचात, "तुही माय कुठी हाय?" आम्ही दोघी आता पिपरी मेघेला राहतो, मामाच्या भाजीच्या मळ्याला लागून दोन खोल्या आहेत तिथे. मळा निम्माच उरलाय, बाकीच्यावर प्लॉट पडले आणि घरं उभी राहिली. उरलेल्यात मामेभाऊ वांगी, पालक, कोथिंबीर लावतो आणि आई दिवसभर तिथे असते. ती मदत करते असं तो लोकांना सांगतो. खरं तर ती त्याच्या चुका काढत असते. वाफ्याला पाणी सोडताना पाइपाच्या तोंडावर अंगठा धरून धार बारीक करते आणि त्याच्यावर खेकसते, "पाणी जास्त झालं का चांगलंही वाहून जाते, समजलं का?" तो मान हलवतो. हे वाक्य भाजीचं नाही, तुमच्या खाणीवरच्या टेबलाचं आहे, हे त्याला कुठून माहीत असणार?

आणि बाबा, मी टेबलावर आहे. तुमच्यासारखीच. जाम गावाच्या पुढे हायवेला लागून एक शेड आहे. तिथे जुने मोबाइल, कॉम्प्युटर, टीव्हीच्या आतल्या हिरव्या पाट्या येतात. तुम्ही होतात तेव्हा यातलं आपल्याकडे काही नव्हतं. आम्ही बायका त्या सोलतो, मग त्या दळल्या जातात, आणि ते दळण टेबलावर येतं. टेबल मात्र तुमच्या वेळच्यासारखंच. तीच उतरती फळी, तिच्यावर त्याच आडव्या बारीक पट्ट्या, वरच्या कडेने तेच झिरपतं पाणी, आणि फळीला एका बाजूने बसणारा तोच झटका. हलकं असतं ते पाण्याबरोबर खालच्या कडेवरून उतरतं, जड असतं ते पट्ट्यांच्या आडोशाने सरकत सरकत टोकाला जातं. तुमच्याकडे टोकाला काळं मँगनीज यायचं, माझ्याकडे तांबं येतं, लालसर. मी आधी निवडायच्या कामाला होते. टेबल आलं तेव्हा ते मी मागून घेतलं. का मागितलं ते आईला सांगायची माझी हिंमत नव्हती, म्हणून घरी नुसतं "मशीनवर आहे" म्हणत राहिले. सकाळी बटण दाबलं की पहिल्या झटक्याला माझ्या उजव्या बाजूला कुणीतरी येऊन उभं राहतं. मी वळून बघत नाही. वळलं की तिथे भिंत असते, हे मला माहीत आहे.

भंडाऱ्याकडच्या त्या खाणीवरचं क्वार्टर मला आता नीट आठवत नाही. स्वयंपाकघर आठवतं, कारण आपण तिथेच झोपायचो. तुम्ही जेवून आडवे व्हायचात आणि माझ्या पाठीवर हात ठेवायचात. दिवसभर फळीच्या कडेवर तळवा ठेवून ठेवून तुमच्या हाताला थरथर लागलेली. तुम्हाला ती कळत नसे, मला कळायची. कान लावून ऐकावी लागेल इतकी बारीक. त्या थरथरीवर मी झोपायचे. शाळेत एकदा बाईंनी पाठीवर हात ठेवला तर मला वाटलं, यांचा हात बिघडलाय.

आता खंडेनवमीचं सांगते. तुम्हाला ते माझ्याइतकं आठवतं की नाही, कोण जाणे. त्या दिवशी मशीन बंद. धुवून पुसून पूजा करायची आणि मग दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही, त्याची सुट्टी. खाणीवर त्या एका दिवशी क्वार्टरातल्या बायकामुलांना आत येऊ द्यायचे. आईने ताट आणलं होतं. फळीवर हळद-कुंकू वाहिलं, तांदूळ टाकले, झेंडूचं एक फूल ठेवलं. बाकीचे प्रसादाकडे गेले आणि आपण तिघंच राहिलो. आई म्हणाली, "तुम्ही सारा दिवस याच्या संगं राह्यता. मले एकडाव दाखवा तरी, हे करते काय."

"आज नाई चालवत वो. आज त्याची सुट्टी."

"माह्यासाठी नाई का? एकडाव."

तुम्ही दाराकडे पाहिलंत, हसलात, आणि बटण दाबलंत. मी तुमच्या कमरेइतकी होते, फळीच्या कडेवर हनुवटी टेकून बघत होते. हळद-कुंकू एकत्र होऊन केशरी रेघ झाली आणि पाण्याबरोबर कडेवरून उतरून गेली. तांदूळ घरंगळत गेले. झेंडू दोनतीनदा उड्या मारून पडला. पट्ट्यांत आदल्या दिवशीची थोडी भुकटी अडकून होती, ती तेवढी काळी काळी टोकाकडे चालत राहिली. तुम्ही म्हणालात, "पाहा, जड थे राह्यलं." आई तोंडाला पदर लावून हसली, मग पदर सुटला तरी हसतच राहिली. तिला इतकं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. पुढेही नाही.

होळीच्या आधी तुम्ही गेलात. खोकला होता. खाणीवर कुणाला नव्हता? तुमचा वाढला, मग रक्त आलं, मग वर्ध्याच्या दवाखान्यातली ती खाट. मी लहान होते तरी मला खोकला आणि मरण यांचा संबंध कळत होता. आईला कळत नव्हतं असं नाही. पण तेरवीला बायका भेटायला यायच्या, तेव्हा ती एकेकीला जवळ बसवून विचारायची, "यांचा खोकला नवमीच्या आधीचाच होता ना?" बाई म्हणायची, "आधीचाच वो. पोळ्याले नव्हते का खोकलत!" आई मान हलवायची. तिचं समाधान झालंय असं वाटायचं. मग दुसरी बाई यायची, आणि आई तिलाही तेच विचारायची. आम्ही खाण सोडून मामाकडे आलो तेव्हा विचारायला कुणी उरलं नाही. ज्यांनी तुमचा खोकला ऐकला होता ती सगळी माणसं तिकडे राहिली.

मग ती गप्पच झाली. दर नवमीला आमच्या घरात विळी, सुई, पाटा-वरवंटा, सगळं आदल्या दिवशी पुसून फडक्याखाली. भाजीसुद्धा चिरायची नाही. मामी सुरुवातीला हसायची, नंतर हसेनाशी झाली. मोठी झाल्यावर मी आईशी भांडायला लागले. मला राग यायचा, बाबा, खरंच सांगते. एका बटणाने माणूस मरतो का? धुळीने मरतो, छातीत दगडाचं पीठ साठून मरतो. मी हे तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं, टीव्हीवर दाखवलं, ओरडून सांगितलं. ती एवढंच म्हणायची, "मी म्हटलं नसतं तं त्यायनं चालवलं नसतं."  हे खरंच होतं.

यंदा पोळ्यानंतर तिला ताप आला. मी कामावरून आले आणि तशीच तिच्या कपाळावर हात ठेवला. तिने डोळे उघडले नाहीत. माझं मनगट धरलं आणि हात तसाच दाबून ठेवला.

"तुहा हात काऊन थरथरून राह्यला?"

"थकली मी. बस लेट होती."

"टेबलावर हायेस तू."

 मला वाटलं, आता रडेल, शिव्या देईल, उद्यापासून जाऊ देणार नाही. तिने माझा हात उचलला आणि आपल्या गालाखाली घेतला, आणि तशीच झोपली. मी हात काढला नाही, पार मुंग्या आल्या तरी.

ताप उतरला आणि तिने धोशा लावला. तिला टेबल बघायचं होतं, आणि तेही नवमीलाच. शेड त्या दिवशी सकाळी पूजा करून बंद होते. किल्ली माझ्याकडे असते. मालकाला सांगितलं, आईला पाया पडायचंय म्हणते. तो म्हणाला, घेऊन या. मामेभावाने तिला गाडीवर आणलं आणि तो चौकात चहा प्यायला गेला. आईने ताट पदराखाली झाकून आणलं होतं. फळीला दोन्ही बाजूंनी हात लावून बघितलं, पट्ट्यांवरून बोट फिरवलं, वाकून खाली काय आहे ते पाहिलं. हळद-कुंकू वाहिलं, तांदूळ टाकले, मळ्यातलं झेंडूचं फूल ठेवलं. मग म्हणाली, "चालू कर."

बाबा, बटणाकडे गेलेला हात मी मागे घेतला. इतकी वर्षं जे मी तिला ओरडून सांगत होते, ते मला तिथे एकदम खोटं वाटायला लागलं. मी म्हणाले, "आज नाई, आई. उद्या दसऱ्याले चालू करू ना." ती म्हणाली, "तूच म्हणे ना, काई होत नाई म्हणून?"

"नाईच होत."

"मंग कर. होऊन जाऊ दे काय होते थे. मले पाहू दे एकडाव."

मी बटण दाबलं. हळद-कुंकवाची केशरी रेघ झाली आणि उतरून गेली. तांदूळ घरंगळले. फूल उड्या मारत गेलं. माझ्या पट्ट्यांतलं थोडं तांबं टोकाकडे चालायला लागलं. आईने फळीच्या कडेवर तळवा ठेवला, पूर्ण, बोटं पसरून, आणि डोळे मिटले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग ती हळूच म्हणाली, मला नाही, तुम्हाला, "अहो, हे असंच होतं." आणि हसली. तोंडाला पदर लावून, आणि मग पदर सुटला तरी. माझ्या उजव्या बाजूला जे रोज येऊन उभं राहतं, ते त्या दिवशी नव्हतं. ते तिच्याकडे गेलं होतं, मला तर तसंच वाटलं.

घरी येऊन तिने विळी काढली. नवमीच्या दिवशी, फडकं बाजूला टाकून, वांगी चिरली. मामी दारात उभी राहून बघतच राहिली. तेव्हापासून आई मोकळी झाली आहे. तुमच्याबद्दल बोलते, तुम्ही लग्नात पंगतीत कसे लाजला होतात ते सांगते, मामेभावाला "हिच्या बापाले पाहाले पाह्यजे होतं तुनं" म्हणते. झोपते तर गाढ झोपते. माझं इतक्या वर्षांचं भांडण ती एका दिवसात जिंकून गेली, आणि तेही माझ्याच बाजूने.

फक्त दिवाळीपासून तिला खोकला आहे. फटाक्यांचा धूर, थंडी, या वयात व्हायचंच. डॉक्टरांनी फोटो काढला, छाती साफ आहे म्हणाले, औषध दिलं. ती मजेत आहे. मी मात्र मोरीत, ओट्याशी, मळ्यात, जिथे असेन तिथून तिचं खोकणं ऐकत असते. शेडमध्ये बटण दाबायच्या आधी माझा हात थांबतो. कुणाला सांगू? तिला सांगितलं तर तिचं ते हसू पुन्हा फडक्याखाली जाईल. म्हणून तुम्हाला लिहितेय, तुम्ही कुणाला सांगणार नाही. हे धाडायचं कुठे नाहीच. लिहून झालं की चुलीत घालीन, आई पाणी तापवते त्या.

एकच सांगायचं राहिलं. काल शेजारच्या काकू गिरणीतून आमचं दळण घेऊन आल्या होत्या. त्यांना मी फाटकापर्यंत सोडायला गेले आणि विचारलं, "काकू, आईचा खोकला नवमीच्या आधीचाच ना?" त्या म्हणाल्या, "आधीचाच व पोरी. तापात नव्हती का खोकलत!" मला फार बरं वाटलं. आज सकाळी मी त्यांच्या सुनेलाही विचारून आले.