पाठमोरं अस्वल

तीर्थरूप आईस, धाकटीचा जंगलातून नमस्कार.

मी मजेत आहे. वनरक्षक आणि त्याची बायको शेजारीच राहतात, जेवणही त्यांच्याकडेच. या राखीव, जुन्या जंगलातल्या प्राण्यांची टपाल तिकिटं निघणार आहेत, त्यांच्या चित्रांपैकी हरीण, घुबड आणि खार काढून झाली. अस्वल तेवढं राहिलं होतं. बाबांच्या ऑपरेशनची तारीख ठरली का? त्यांना झोप लागते ना? मला इथे एका जागी बसवत नाही.

आज सकाळी अस्वलीण आली, पिल्लासकट, अगदी जवळ. (घाबरू नकोस, आम्ही मचाणावर होतो.)

वनरक्षक कुजबुजला, “ताई, काढा की आता!”

माझा हातच चालेना. ती पिल्लाला चाटत होती आणि मी नुसती बघत राहिले. ती वळून निघाली तेव्हा कुठे पेन्सिल हलली.

टपाल खात्यातल्या साहेबांना वायरलेसवर हे सांगितलं, तर म्हणाले, “पाठमोरं कसं चालेल? चेहरा हवा. अजून आठवडाभर थांबा.”

म्हटलं, “मला घरी जायचंय. नसेल चालत तर दुसरा चित्रकार बघा.”

चित्र आणि हे पत्र आजच्या जीपने जातंय, मी शनिवारच्या जीपने निघते. बाबांना सांगू नकोस, उगाच वाट बघत जागे राहतील.

तुझी,
पाय न ठरणारी धाकटी