फोन मोकळा ठेव

अण्णा,

सकाळपासून पोरीचा फोन लागत नाही. तुमची नात, तुम्ही न पाहिलेली, मैत्रिणींबरोबर हिमाचलात फिरायला गेलीय, आणि तिकडं घाटात दरड कोसळल्याचं टीव्हीवर सारखं दाखवतायत. मी फोन लावतेय, बंद लागतोय, परत लावतेय. शेवटी आमचे हे म्हणाले, "अगं, ती दुसऱ्या कुणाच्या फोनवरनं लावत असली तर तिला तुझा एंगेजच लागणार की. जरा मोकळा ठेव तो." फोन माझ्या हातातनं काढून घेऊन टेबलावर ठेवला आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभे राहिले. हातांना काहीतरी चाळा पाहिजे म्हणून मी हे लिहायला बसले. आणि आठवावं कुणी, तर तुम्ही.

दादा आखातात नोकरीला लागला त्यानंतरचा तो उन्हाळा. कामगारांच्या वस्तीत मोठी आग लागल्याची बातमी आली आणि शहराचं नाव ऐकून आईच्या हातातली परात खाली पडली. दादाचा तिकडचा नंबर लागेना. दादा ईमेल पाठवत असायचा, म्हणून मी त्याच्या जुन्या कॉम्प्युटरपुढं बसले. त्याच्यावर दादानं जाताना विंडोजच्या जागी लिनक्स घालून दिलं होतं, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरनं. फुकटचं आहे, व्हायरस येत नाही, शीक, असं म्हणाला होता. शिकले कसली, दोन-चार आज्ञा पाठ केल्या होत्या. इंटरनेट म्हणजे तेव्हा घरच्या फोनच्या वायरीला जोडलेली मोडेमची डबी. ती फोन लावायची, किरकिर करून ओरडायची, आणि ती चालू असेतो घरात फोन येऊ शकायचा नाही. हाच तर सगळा घोळ होता. मेल बघावा तर दादाचा फोन चुकणार, आणि फोनची वाट बघावी तर मेल येऊन पडला असला तरी कळायचं नाही. तुम्ही म्हणालात, "आदी बग, त्यानं काय लिवलंय का. पण लवकर. फोन मोकळा ठिव."

मी आज्ञा दिली. डबी ओरडली, दिवे लागले, जोडलं गेलं म्हणून मी श्वास सोडला, आणि पडद्यावर दोन शब्द उमटले, 'नो कॅरियर'. म्हणजे पलीकडचा आवाज तुटला. परत लावलं, परत तेच. आपल्याकडच्या फोनचा डायलटोन या डब्यांना ओळखू येत नाही असं दादानं सांगितलं होतं, म्हणून डायलटोनची वाट बघू नकोस असं तिला सांगणारी अक्षरं घातली. वायर काढून फुंकली, उलटसुलट करून बसवली. वेग कमी केला. पासवर्ड परत टाकला. दर वेळी जोडलं जायचं आणि पान उघडायच्या आत तुटायचं. कीबोर्डवर घामाचे ठसे उठत होते. मला वाटायला लागलं, तिकडचं सगळंच जळालंय, म्हणून काही टिकत नाही. त्याचा याच्याशी काय संबंध, हे तेव्हा सुचलं नाही. भीतीला कुठं अक्कल असते!

पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकले. आईला ओट्यापासनं लांब जायला नको म्हणून तिथं त्याच लाइनीवर एक पॅरलल फोन घेतलेला होता, आठवतो का? तुम्ही तो कानाला लावून उभे होता. दुसऱ्या कानावर तळहात दाबलेला, डोळे मिटलेले. कारखान्यात एखादा माग बिघडला की त्याच्या धडधडीत कान देऊन तुम्ही उभे राहायचात, तस्सेच. आई भाकरीचं पीठ तसंच ठेवून तुमच्याकडं बघत होती. तव्यातनं धूर निघत होता, तिकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

"अण्णा, ठेवा की तो! तुम्ही उचलता म्हणून तुटतंय सगळं!" मी ओरडलेच. तुमच्यावर ओरडायची माझी काय बिशाद, पण ओरडले. तुम्ही रागावला नाहीत. जन्मभर मागांच्या आवाजात काढल्यामुळं घरातसुद्धा तार सप्तकात बोलणारे तुम्ही, पुटपुटल्यासारखं म्हणालात, "गप. लई लांबनं आवाज येतोय. त्यात आपल्या पोराचं काय ऐकू येतंय का बगतोय."

अण्णा, तोवर मला दादाची काळजी होती, पण मनात कुठंतरी खात्री होती की अण्णा आहेत, बघून घेतील. तुमचा तो बारीक आवाज ऐकला आणि कळलं की तुम्हालाही काही ठाऊक नाही. तुम्ही भ्यालात म्हणजे दादा गेलाच, असंच मला वाटलं.

मी रिसीव्हर तुमच्या हातातनं घेऊन जागेवर ठेवला. तुम्ही फोनशेजारी स्टुलावर बसलात, हात मांड्यांखाली दाबून. या वेळी जोडलेलं तुटलं नाही. पान एकेक ओळ उघडत गेलं आणि दादाचा मेल दिसला. 'मी बरा आहे. आग दुसऱ्या वस्तीत होती. सकाळपासून बाहेरच्या बूथवरनं लावतोय, घरचा फोन सारखा एंगेज. कोण बोलतंय एवढं?' मी मोठ्यांदा वाचलं. तुम्ही परत वाचायला लावलं. मग एकदम तुमचा आवाज चढला, "एवडा येळ फोन अडवून बसलीस व्हय गं? अक्कल हाय का न्हाय?" आई हसायला लागली आणि हसता हसता रडली. मला तर ते बोलणं इतकं गोड लागलं म्हणून सांगू! अण्णा परत आले होते.

दिवस कलायला लागलाय. आमचे हे अजून गॅलरीतच आहेत, पाठ करून. मी भ्यालेली त्यांना दिसू नये म्हणून मी इकडं लिहितेय, आणि ते भ्यालेले मला दिसू नयेत म्हणून ते तिकडं उभे आहेत. ओरडायला तुम्ही नाही.

हे मी कुठं टाकणार आणि तुम्हाला कुठं मिळणार! पण एक सांगते. मघाशी लिहिता लिहिता उठून मी फोन लावलाच, त्यांच्या नकळत. फोन बंद असल्याचं ती बाई मराठीत सांगते, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मी ठेवला नाही. दुसऱ्या कानावर हात दाबून, ती गप्प होऊन लाइन तुटेपर्यंत ऐकत राहिले, तिच्यामागनं आपल्या पोरीचं काही ऐकू येतंय का म्हणून.