डीकनसाठी चांगलं घर

२ मे, सकाळी
निर्णय झाला. शांत डोक्याने. माझा खुबा नवा बसवलाय आणि डॉक्टर म्हणतात, घोडा आता फक्त जमिनीवरून बघायचा. डीकनसारख्या गुणी घोड्याने कुरणात नुसतं उभं राहून म्हातारं व्हायचं, हे बरोबर नाही. त्याला चांगलं घर शोधून द्यायचं. फुकट. रडायचं नाही. मी काही तसल्या बायकांपैकी नाही.

३ मे
जाहिरात लिहिली. प्रामाणिक. वय सोळा, घोरतो, खोगीर कसताना पोट फुगवतो, ओढा दिसला की त्यात बसतो. आमच्या आर्विडला छत्तीस वर्षांच्या संसारात घोड्यातलं ओ की ठो कळलेलं नाही. तो वाचून म्हणाला, अगं मार्लिस, ही जाहिरात आहे की पोलिसांचं पत्रक? दुर्लक्ष केलं. पशुखाद्याच्या दुकानात फळ्यावर लावून आले.

६ मे
एकही फोन नाही. जगाला पारख नाही.

७ मे
आर्विडने परस्पर जाहिरात बदलली. ‘लहान मुलं, गुरं, डोंगरवाटा, गाडी, मिरवणूक, काहीही असो, शांतपणे करतो.’ सगळं खरं आहे. पण त्याला विचारलं होतं कोणी?

१० मे
अकरा फोन, चार भेटी, चार नकार. एकाचे बूट कोरे करकरीत होते. एक बाई डीकनला ‘गोडुला’ म्हणाली. एका घरातली तीन पोरं त्याच्या पोटाखालून आरपार रांगली, हा उभ्याने झोपलेला. पोरांचे हात चिकट होते. आर्विडने विचारलं, घोड्याला मालक शोधतेयस की मुलीला नवरा?

१४ मे
लरीसा कोवालचुक. शाळेची बस चालवते, चाळिशीची, एकटी. आली आणि नुसती डीकनच्या शेजारी उभी राहिली. डीकनने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली.
कारण उघड आहे. तिचा स्वेटर लोकरीचा होता.

१५ मे
लोकरीचा स्वेटर घालून तबेल्यात तासभर उभी राहिले. डीकन गवत खात होता. उकाड्यात घोड्यांना माया सुचत नाही.

१८ मे
लरीसा आज बसून बघायला येणार. मला तिचीच काळजी. घोडा झेपणार नसेल तर आधीच कळलेलं बरं. म्हणून त्याला सकाळी तिप्पट ओट्स घातले, ओट्सने घोड्याला मस्ती चढते. कुंपणाला प्लास्टिकची पोती बांधली, चांगली फडफडणारी. आर्विडला बजावलं, ती वर बसली की तबेल्यामागे यांत्रिक करवत सुरू कर.

संध्याकाळी
डीकनने एक पोतं चाखून बघितलं, करवतीकडे एक कान वळवला आणि तिला कुरणाची फेरी मारून आणलं. उतरल्यावर तिने विचारलं, याला इतकं शहाणं कुणी केलं हो? मी सांगायला लागले. तासभर सांगितलं. अकरा वर्षांचं सगळं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या भरात मीच हो म्हणून बसले. आर्विड करवत पुसत म्हणाला, बेत झकास होता, राणीसरकार.

२० मे
डीकन गेला. इथल्या रिवाजाप्रमाणे दोन आठवडे पारखीचे, नाही जमलं तर घोडा परत. मी चौदा कलमांचा करार केला होता. लरीसाने न वाचता सही केली. तीन दिवसांत परत आणील. माझ्याशिवाय त्याला घास जात नाही.

२१ मे
फोन केला. खाल्लं म्हणे.

२२ मे
खाल्लं.

२४ मे
तिच्या करड्या घोडीशी दोस्ती झालीय म्हणे. डीकनला घोड्या आवडत नाहीत. बिचारा पाहुण्यासारखा वागतोय.

२७ मे
पक्षी बघायला बावन्न किलोमीटर गेले. योगायोगाने लरीसाचं कुंपण लागलं. दुर्बिणीतून दिसलं, ती त्याच्या आयाळीची वेणी घालत होती. कलम सहा: वेणी घालू नये! त्याचे डोळे मिटलेले. मी शीळ घातली. त्याने मान उचलली, इकडेतिकडे बघितलं, परत डोळे मिटले. आमच्या पिंचर क्रीक भागातला वारा हा असा. शीळ उलटी गेली असणार.
घरी आर्विडने विचारलं, कोणते पक्षी दिसले? म्हटलं, कावळा. एकच. मादी.

२ जून, संध्याकाळी
उद्या मुदत संपते. लरीसाचा फोन. आवाज पडलेला. म्हणाली, हा रोज संध्याकाळी सात वाजता फाटकाशी येतो आणि रस्त्याकडे बघत राहतो. गाजर दिलं तर घेत नाही. माझं काही चुकतंय का? तुम्ही म्हणाल तर उद्या आणून सोडते.
तेरा दिवस मी हेच ऐकायला थांबले होते. नुसतं ‘आण’ म्हणायचं होतं.
तोंड उघडलं आणि सांगितलं की सात वाजता कपाळ खाजवायचं, नीट, कानांच्या मधे. मग पेपरमिंटच्या दोन गोळ्या. चौदा कलमांत हे मी लिहिलंच नव्हतं. राहून गेलं असेल.
आर्विड समोर बसून ऐकत होता. एक टोमणा नाही मारला.
अर्थात गोळ्यांनी काही व्हायचं नाही. तो माझी वाट बघतोय.

३ जून, संध्याकाळी सव्वासात
मीच फोन केला. कपाळ खाजवून घेतलं, गोळ्या खाल्ल्या. मग? मग काही नाही, घोडीकडे गेला. रस्त्याकडे बघितलं? नाही हो, आज नाही बघितलं.
म्हटलं, मग तुझाच.
खिशात दोन गोळ्या निघाल्या. आर्विडला दिल्या. त्याने कपाळ पुढे केलं. पार टक्कल पडलंय. तरी खाजवलं.