एका ‘नको’वर उठून गेलेली कंपनी

ब्रेझावा, २ ऑक्टोबर

एकदाच विचारायचं आणि तोंड फिरवायचं, ही कुठली रीत? तुझ्या त्या कंपनीबद्दल बोलतेय. चि. सौ. तेओदोरा, आशीर्वाद मागाहून, आधी हे वाच.

जुनी कंपनी दुकान गुंडाळतेय, म्हणून आपल्या मधाच्या वेबसाइटचं नाव तिथून उचलून नव्या कंपनीकडे न्यायचं, असं तू ठरवलंस. नावाचं कुलूप काढलंस, नव्या कंपनीला कोड दिलास, सगळं निगुतीनं केलंस. नाव माझ्या नावावर, म्हणून विचारणा माझ्या फोनवर आली. नाव जाऊ देऊ का? मी ‘नाही’ दाबलं.

पहिल्या खेपेला हो म्हणणारी बाई या गावात कुणी पाहिलीय? शेजारची रादोयका मुरंब्याची बशी पुढे करते, मी नको म्हणते. ती पुन्हा म्हणते, मी पुन्हा नको. मग चमचा उचलते. मला वाटलं, हेही आग्रह करतील. तेव्हापासून फोन पदराला बांधल्यासारखा घेऊन फिरतेय. चकार शब्द नाही.

तुझ्या आजेसासऱ्यांनी ज्या डोंगरावर मधाच्या पेट्या मांडल्या, त्याचं नाव आहे ते. ते गेलं तर व्हिएन्नाची गिऱ्हाइकं कुणाचं दार ठोठावतील? ओग्न्येनला सांगू नकोस. तुझा नवरा आणि माझा नातू असला तरी दात काढील.

लोभ ठेव असं मी लिहीत नाही, तो मी धरूनच चालते.
मिलुंका आजी

नीश, १४ ऑक्टोबर

ती. आजींना शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी स्वयंपाकघराचं दार लावून हसले, मग कपाळाला हात लावला. यंत्राच्या लेखी एक नाही म्हणजे नाही. अर्ज रद्द झाला, नावाला परत कुलूप लागलं. मित्रोवदानच्या सणाला, आठ नोव्हेंबरला, नावाची मुदत संपते; मग ते कुणीही उचलू शकतं.

जुन्या कंपनीत फोन घेणारा एकच गृहस्थ उरलाय, तोही सामान बांधून बसलेला. मालकीणबाईंनीच नकार दिलाय, आता नवा कोड नाही, असं त्यानं ठणकावलं. मी त्याला एवढंच विचारलं की, तुमच्या आई पाहुण्या म्हणून गेल्या तर पहिल्या खेपेला घेतात का. तो खुदकन हसला. मग म्हणाला, आईला आग्रह करता करता लोकांची कॉफी गार होते. माणूस आपल्याच बाजूचा, लेस्कोवाट्सचा निघाला. कोड आला.

आता विचारणा पुन्हा येईल. तेवढी एकदा लाज सोडा. नवी कंपनी मालकाचं नाव विचारतेय, तुमचंच ठेवते. ओग्न्येनला बोलले नाही. गुडघा शेकत जा, आणि रागावलात तरी लिहीत जा.

तुमची
तेओदोरा

ब्रेझावा, २८ ऑक्टोबर

चि. सौ. तेओदोरा, अनेक आशीर्वाद.

विचारणा आली, मी तिथल्या तिथे ‘हो’ दाबलं. कुणाच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं वाटलं. रादोयकेच्या जावयानं बघून सांगितलं, नाव नव्या घरी सुखरूप पोचलं. व्हिएन्नाहून मागणीही आली.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी रादोयकेला म्हटलं होतं, या शहरी पोरीला जीभ नाही. आता तिलाच सांगितलं, जीभ आहे, पण ही ती वापरायच्या वेळेला वापरते. मी कचेरीत जाऊन टेबलं बडवते आणि हात हलवत परत येते. तू एका माणसाला त्याच्या आईपर्यंत नेलंस आणि काम करून घेतलंस. वर मला एक वाकडा शब्द नाही. तुझ्या जागी मी असते तर सात गावांना ऐकू गेलं असतं.

तर मालक म्हणून माझं नाव काढ आणि तुझं घाल. ओग्न्येन एक मधमाशी दिसली तर गाडीच्या काचा वर करतो. सुट्टीत येऊन पेट्या तू उघडतेस, डंख तू खातेस. तो चार दिवस फुगून बसेल, बसू दे. जेवायला येईलच.

मुरंबा बसवाल्याकडे दिलाय, बरणी परत पाठव.

यापुढे कंपनीनं काहीही विचारलं तर उत्तर तू द्यायचंस. ओग्न्येननं नाही, मीही नाही.

मिलुंका आजी