मम्मीला एकच प्रश्न विचारायचाय

१२ जानेवारी, रविवार. सकाळ.
ठरलं. आज मम्मीला सांगायचं.
घाबरायचं काय त्यात? मी कमावती बाई आहे. बांद्र्याच्या ऑफिसात मी लोकांना 'अवघड विषय कसे बोलावेत' हेच शिकवते. माझ्या सेशनमध्ये मोठमोठे मॅनेजर रडतात आणि वर थँक्यू म्हणतात. मुद्दा सोपा आहे. रसेल आणि मी दोन वर्षं एकत्र फिरतोय, लग्नाला अवकाश आहे, मुलाला त्याहून जास्त. म्हणून गोळ्या सुरू करायच्या. पार्ल्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी घरी विचारून ये, आईला कधी पायात रक्ताची गुठळी झाली होती का. चिठ्ठी त्यानंतर.
एक प्रश्न. पाच मिनिटांचं काम.

संध्याकाळ.
नाही विचारलं. मम्मी बोंबील साफ करत होती. समोरच्याच्या हातात सुरी असताना नाजूक विषय काढू नये, असा नियम आहे. नसेल तर आजपासून मी शिकवणार.

१४ जानेवारी
नवी स्ट्रॅटेजी, आडून विचारायचं. चहाच्या वेळी सहज म्हटलं, मम्मी, आपल्यात कुणाला पायाचा त्रास होता का गं?
मम्मीने विचारलं, का?
म्हटलं, ऑफिसच्या इन्शुरन्सला हवंय. (हे खोटं नाही. टेक्निक आहे.)
मम्मी बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिली. दुखतात का, विचारलं. मी म्हटलं, तसं नाही.
'तसं नाही' म्हणायला नको होतं.
उत्तर मिळालं नाही, पण विषयाला हात घातला. सत्तर टक्के काम झालं.

१५ जानेवारी
मम्मीने ब्रिजेटमावशीला फोन केला. मावशी वाकोल्यातच राहते, दहा मिनिटांत कापूर घातलेलं खोबरेल तेल घेऊन हजर. दोघींनी माझा एकेक पाय वाटून घेतला आणि चोळला. छान वाटलं. विश्वासाचं वातावरण तयार होतंय.

१७ जानेवारी
रसेल फोनवर म्हणतो, सरळ सांगून टाक ना यार. त्याला कम्युनिकेशनमधलं ओ की ठो कळत नाही. मी विचारलं, तू तुझ्या मम्मीला सांगितलंस का? तर म्हणाला आवाज तुटतोय.

१९ जानेवारी, रविवार
वाट लागली.
मिस्सेत फादरनी सगळ्या चर्चसमोर 'आपल्या क्लॅरिसच्या पायांसाठी' प्रार्थना सांगितली. बाहेर पडताना इग्नेशियस अंकलनी स्वतःची काठी माझ्या हातात दिली. नाही म्हणणं वाईट दिसलं असतं. काठी टेकत घरी आले. शेजारच्या दर्शनाने जिन्यात हात धरला.
थोडंसं लंगडलेसुद्धा. लोकांचं मन राखावं लागतं.

२० जानेवारी
आज ऑफिसातून आले तर मम्मी किचनमध्ये रडत होती. म्हणाली, खरं सांग, किती सिरियस आहे? माझ्यापासून लपवू नकोस.
फोनमध्ये चार मुद्दे लिहून ठेवले होते. एकही आठवला नाही. तोंडातून निघालं, "मम्मी, मला मूल न होण्याच्या गोळ्या घ्यायच्यात!"
मम्मीने गॅस बंद केला.
"पायाला काही नाही?"
"नाही."
"नक्की?"
"नक्की."
मग तिने मला पाठीत एक रपाटा घातला. मग जवळ घेतलं. मग आणखी एक रपाटा.
रसेलच ना, असं विचारलं. हो म्हटलं. लग्नाआधी हे तिला पटत नाही, ते तिने दोनदा सांगितलं. मी ऐकून घेतलं. मग स्टूल ओढून बसली आणि गाऊन वर करून डावी पोटरी दाखवली. गुठळी तिलाच झाली होती, माझ्या जन्मानंतर. ह्याच गोळ्या घेत होती. मैत्रिणीकडून आणलेल्या, डॉक्टरला न विचारता. महिनाभर हॉस्पिटलात होती, मी आजीकडे.
"तू आजीला विचारलं नव्हतंस?"
"तिला कुठल्या तोंडाने विचारणार होते?" मम्मी म्हणाली. मग डोळे पुसले. "तू निदान बोललीस तरी. सगळ्या चर्चसमोर लंगडत घरी आलीस, पण बोललीस."
संवाद पूर्णपणे यशस्वी. माझ्याच पद्धतीने.

२१ जानेवारी
मम्मी म्हणाली, मी येते क्लिनिकला. मी म्हटलं, ये, पण बोलणार मी.
डॉक्टरबाईंना गुठळीचं मम्मीने सांगितलं. मग नेहमीच्या गोळ्या नकोत, दुसऱ्या प्रकारच्या देते, असं डॉक्टरबाई मम्मीलाच म्हणाल्या. किती वाजता घ्यायची, विसरली तर काय, उलटी झाली तर काय, हे मम्मीने विचारलं. केस गळतात का, हेही. मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.
शेवटी कार्ड भरताना डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. वय?
मी म्हटलं, तेवीस.
"चोवीस पूर्ण," मम्मी म्हणाली.